टॉवेलाखालच्या बंदुका

काकांचं काम सुटलं ते माझ्या टापटिपीपायी. लोक सांगतात, त्यांना दिसेनासं झालं म्हणून गेले. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मला ठाऊक आहे आणि त्यांना ठाऊक आहे. पण ते सांगण्याआधी माणूस सांगते, कारण नुसती हकीगत ऐकून कोणालाही वाटेल की काका म्हणजे बिचारा म्हातारा. बिचारे वगैरे ते कधीच नव्हते. उलट त्यांनी मला दोन वर्षं पुरतं जेरीस आणलं होतं.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना आत एक कॅम्प आहे. शनिवार-रविवारी शहरातल्या कंपन्यांची माणसं तिथे येतात, दोन टोळ्या करतात, डोळ्यांना जाड चष्मे लावतात आणि एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे झाडतात. बंदुका खेळण्यातल्याच, पण दिसायला अगदी खऱ्या. बॅटरीवर चालतात. सोमवारी त्याच माणसांना एका टेबलावर बसून काम करायचं असतं, म्हणून रविवारी एकमेकांना मारून घ्यायचं. असो. पैसे त्यांचे, पाठी त्यांच्या.

मी तिथे स्टोअर सांभाळायची. त्याआधी शहापूरच्या एका शाळेत प्रयोगशाळेत होते. बाटलीवर चिठ्ठी नसली तर मला जेवण जात नाही, असा माझा स्वभाव. आमच्या घरी मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘मीठ’ लिहिलेलं आहे. नवरा म्हणतो, एक दिवस माझ्या कपाळावर ‘नवरा’ लिहिशील.

आणि माझ्या ह्या स्टोअरच्या मागच्या खोलीत काका. म्हशाच्या अलीकडच्या एका गावचे. शेती होती, पण जन्म गेला मुरबाडच्या एका भातगिरणीत, फिटर म्हणून. गिरण बंद पडली तेव्हा कॅम्पवाल्या साहेबांना कोणीतरी सांगितलं, एक म्हातारा आहे, गंजलेलं लोखंड चालवून दाखवतो. उंच, खांद्यात वाकलेले, खांद्यावर कायम एक गुलाबी टॉवेल. तो टॉवेल कधी धुतला जायचा मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाले, “पावसात.”

पहिल्याच दिवशी मी त्यांच्या खोलीत शिरले. टेबलावर टॉवेल पसरलेला. मला वाटलं, पडलाय. उचलला आणि घडी घालायला लागले, तेवढ्यात खालून एक स्प्रिंग सण्णकन उडाली ती माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटली. काका जागचे हलले नाहीत.

“टॉवेल असला का समजायचा, उघडा हाय,” ते बोलले. “उघड्याला हात लावायचा नाय.”

“मग तसं लिहून ठेवा ना तिथे.”

“टॉवेल ठेवलाय तो काय मग?”

तिथून आमचं जे सुरू झालं ते झालं.

बंदुकीच्या पोटात गिअरबॉक्स असतो, मुठीत मावेल न मावेल एवढा. त्यात तीन दातेरी चाकं. काकांच्या भाषेत त्या तिघी जावा. थोरली, मधली आणि धाकटी. मोटर ही सासू. सासू थोरलीला फिरवते, थोरली मधलीला, मधली धाकटीला. धाकटीला अर्ध्याच अंगाला दात. त्या दातांनी ती दट्ट्याला मागे ओढते, स्प्रिंग दाबली जाते, आणि दात संपले की ती त्याला सोडून देते. दट्ट्या फाडकन पुढे येतो, पुढची हवा छऱ्याला बाहेर ढकलते. सेकंदात पंधरा वेळा हा संसार चालतो.

“सासूच का फिरवते सगळ्यांना?” मी विचारलं.

“मंग कोन, धाकटी फिरवल?”

“आमच्यात धाकटीच फिरवते.”

“तू धाकटी आसशील.”

आहेच मी धाकटी. पण त्यांना काय कारण बोलायचं?

गोम अशी होती की आमच्याकडे एकही बंदूक धड एका घरची नव्हती. साहेबांनी बंद पडलेल्या दोन-तीन कॅम्पांचा माल उचललेला, चार वेगवेगळ्या कंपन्यांचा, सगळा वापरलेला. नवे सुटे भाग वेळेवर मिळायचे नाहीत. मिळाले तरी कोणाचा दट्ट्या कोणाच्या चाकाला लागेल याचा भरवसा नाही. वरून माप सारखं, आत केसाचा फरक. तो केस दोन रविवारांत दट्ट्याचे दात सोलून काढायचा. म्हणून बिघडलेल्या दहा बंदुका उघडायच्या आणि त्यातून सहा चालत्या करायच्या, हे काकांचं काम.

त्याचे त्यांचे कायदे होते. झिजलेल्या चाकाला झिजलेलाच दट्ट्या, आणि तोही त्याच बाजूला झिजलेला. “नवा जुन्याला खातो,” असं ते येता-जाता म्हणायचे, आणि मी नवीन होते म्हणून मला ते लागायचं. दोन अनोळखी चाकं जवळ आणायची तर आधी दातांना तेल आणि लाल दंतमंजन लावायचे, आणि मांडीवर घेऊन तासभर हाताने फिरवत बसायचे. मग डिझेलने धुऊन पुसायचे. “लग्नाआधी दात घासायला नको?” चाकांच्या खाली पितळी पत्र्याचे बारीक वायसर घालायचे, तेही स्वतः कापलेले. दातांमधलं अंतर बघायला कॅलेंडरच्या पानाची पट्टी. गुळगुळीत कागद हवा, वहीचा चालत नाही. एकदा त्यांनी माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरचा चालू महिना फाडला. त्यावर माझ्या रजा लिहिलेल्या होत्या.

जुळलं की बंदूक भाताच्या तुसाने भरलेल्या गोणीत झाडून बघायचे. समोर माणूस उभा करून त्यांनी कधी घोडा ओढला नाही. साहेबांनी एकदा हौसेने म्हटलं, काका, या, तुम्हीपण खेळा. “मला कुनाचा राग नाय,” एवढं बोलून ते आत गेले. संध्याकाळी गोणी सुपात रिकामी करून पाखडायला बसायचे. तूस पुढे उडायचं, छर्रे सुपात मागे राहायचे. पाखडावं तर त्यांनी. माझी तूरडाळ मी दोनदा त्यांच्याकडून पाखडून नेली आहे, भांडण चालू असताना.

भांडण कसलं, तर डब्यांचं.

त्यांच्या खोलीत भिंतीला फळ्या होत्या आणि फळ्यांवर डबेच डबे. सुपारीचा डबा, तंबाखूची चपटी डबी, बामची बाटली, शेवेचा चौकोनी डबा, लहान मुलांच्या पावडरचा उभा डबा, एक पितळी कुंकवाचा करंडासुद्धा. प्रत्येकात सरमिसळ. एक चाक, दोन वायसर, एक दट्ट्या, स्प्रिंगचा तुकडा. दुसऱ्यात पुन्हा तेच. एकाही डब्यावर चिठ्ठी नाही. बिघडलेली बंदूक आली की काका फळीवर हात फिरवायचे, एखादा डबा काढायचे, आतलं चाळवायचे आणि बरोबर हवं तेच काढायचे. मला वाटायचं ते अंदाजपंचे चाललंय.

“काका, सगळे दट्टे एका डब्यात ठेवले तर?”

“मंग त्याचा बाजार व्हईल.”

“आणि आता काय आहे?”

“आता घरा हायत.”

दुसरी कुरबूर रजिस्टरची. प्रत्येक बंदूक तपासली की त्यांनी त्यांच्या रकान्यात सही करायची. त्यांची सही माझ्या रकान्यात घुसायची, कधी थेट तारखेवर चढायची. मी दर वेळी बोलायची. एकदा तर मी त्यांना पट्टी आणून दिली. त्यांनी ती पट्टी घेतली आणि तिने पाठ खाजवली. मी ह्याला बेपर्वाई म्हणत होते. इतकी वर्षं शाळेत काढली, फळा न दिसणारी पोरं ओळखली, आणि हे मला समजलं नाही.

पौषात म्हशाच्या जत्रेला ते मला आणि माझ्या नवऱ्याला घेऊन गेले होते. आम्हाला वाटलं, काकांना पाळणे, खाजा, घोंगड्या बघायच्या असतील. ते सरळ बैलबाजारात शिरले. तिथे लोक त्यांची वाट बघत होते. एखाद्याच्या जोडीतला एक बैल मरतो किंवा विकावा लागतो, मग उरलेल्याला जोड शोधायची असते. असे लोक आपला उरलेला बैल चालवत बाजारात घेऊन आले होते. काकांनी रंग बघितला नाही, शिंगं बघितली नाहीत. दोन बैल शेजारी शेजारी चालवायला लावले आणि स्वतः मागून डोळे मिटून चालत गेले. शेणात पाय, धुळीत धोतर. थोडं गेल्यावर म्हणाले, “नाय. ह्यो लांब टाकतोय. म्हातारा फरफटल.” दुसरा आणला, तिसरा आणला. चौथ्याला थांबले.

नवरा म्हणाला, माणूस पोचलेला आहे. मी म्हटलं, डोळे मिटायचं नाटक कशाला पण? काकांनी ते ऐकलं. 

मग त्या वर्षीची खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं धुऊनपुसून पूजेला मांडतात. कोयता, विळा, पाना, पक्कड, काय असेल ते. कॅम्पवरही पूजा असायची. काका हळवं, लवकर पिकणारं भात कापायला चार दिवस गावी गेलेले. साहेबांचा फोन आला, दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या कंपनीचा ग्रुप येतोय, चाळीस बंदुका एका वेळी लागतील, मी स्वतः येणार आहे. ह्या वेळी घोळ झाला तर जुना माल काढून टाकू, नवीन बंदुका आणि त्यांचाच मेकॅनिक. म्हणजे काका घरी. हे मला स्पष्ट कळलं, आणि माझ्या मनाने घेतलं की काकांसाठी काहीतरी करावं.

काहीतरी म्हणजे काय? माझ्या हातून एकच गोष्ट होते.

स्वयंपाकघरातल्या दोघी बायकांना घेतलं आणि सकाळपासून त्या खोलीला भिडलो. सगळे डबे उपडे केले. एकेक चाक डिझेलमध्ये ब्रशने घासलं. थोरल्या एका बाजूला, मधल्या एका बाजूला, धाकट्या एका बाजूला, दट्टे वेगळे, वायसर वेगळे. शहापूरहून एकसारखे पारदर्शक प्लास्टिकचे डबे आणले होते, त्यात भरले. वर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या. दुरुस्तीला उघडलेले अठरा गिअरबॉक्स होते, त्यांच्या पोटातलंही काढून, धुऊन, ज्या त्या डब्यात टाकलं. जुने डबे भंगारवाल्याला देऊन टाकले. करंडा तेवढा ठेवला, पितळेचा म्हणून. झेंडूच्या माळा लावल्या, फोटो काढून साहेबांना पाठवला. साहेबांनी अंगठा पाठवला. इतकं समाधान मला पोराच्या निकालाला झालं नव्हतं.

दसरा झाल्यावर काका आले. दारात चप्पल काढली, फळीशी गेले आणि नेहमीसारखा हात फिरवला. हात एका प्लास्टिकवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेला. शेवटपर्यंत गेला आणि परत आला.

“डबे कुठं गो बाय?”

“भंगारात. बघा तरी कसं झालंय.”

ते स्टुलावर बसले. मी वाट बघतेय, आता शिव्या देतील, नाहीतर कौतुक करतील. ह्या माणसाने दोन्ही केलं नाही, म्हणून मलाच राग आला. म्हटलं, “काका, आता शोधायला नको काही. चिठ्ठी वाचायची आणि काढायचं.”

“वाच बरा,” ते म्हणाले.

“तुम्हीच वाचा ना. शाळा शिकलात की सातवीपर्यंत.”

त्यांनी डबा हातात घेतला. चिठ्ठी त्यांच्याकडे नव्हती, पाठीमागच्या बाजूला होती. त्यांनी कोऱ्या बाजूकडे बराच वेळ बघितलं.

 रजिस्टरातली सही, जत्रेतले मिटलेले डोळे, सगळं एकदम समोर आलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्सा झाली. उजव्याला उजेड कळतो. डाव्याला मानूस कळतो, पन कोन तो नाय कळत.” मग म्हणाले, “मोतीबिंदू बोलतात. मोठ्या भावाचा डोळा आपरेशनातच गेला. मी नाय जात.”

म्हणजे ते डबे होते म्हणून त्यांचं चालत होतं. सुपारीच्या डब्यात कोण, करंड्यात कोण, हे त्यांना हाताने ठाऊक होतं. कुठल्या चाकाने कुठल्या दट्ट्याबरोबर किती दिवस काढले, ते एका डब्यात ठेवायचे. मी सगळ्यांना आंघोळ घालून एका रांगेत उभं केलं होतं. मी रडले. मला ते आवडत नाही, पण रडले.

“रडून काय व्हतंय?” काका म्हणाले. “कुनाला सांगू नको बाय. हात चालतात तवर चालू दे. तू माझ्या जवळ बस.”

दिवाळीला वीस दिवस होते. मी माझं टेबल उचलून त्यांच्या खोलीत आणलं. रोज जेवणाच्या आधी दोन तास, नंतर तीन. मी चाक उजेडात धरून सांगायची, “डावीकडच्या काठाला चकाकतंय.” ते दट्ट्यावरून अंगठ्याचं नख ओढायचे. “ह्याला उजवीकडं काठ आलाय. दुसरा दे.” चकाकी मला दिसायची, काठ त्यांना लागायचा. चाक दगडी पाटीवर फिरवलं की ते कान खाली नेऊन ऐकायचे. आवाज किरकिरा आला की, “ही माहेरी जाऊंदे,” आणि चाक परत डब्यात. दंतमंजनाची अख्खी बाटली संपली. माझं बोट काळं झालं ते दिवाळीच्या उटण्यानेही निघालं नाही.

त्या दिवसांत मी पहिल्यांदा त्यांना नीट बघितलं. नाचणीची भाकरी आणि सुकट भिंतीकडे तोंड करून खायचे, त्याचं कारण कळलं. ताटात हात चाचपडतो तो कोणी बघू नये. मी त्यांच्या बाजूला बसायला लागले आणि वाटी कुठे आहे ते न विचारता सांगायला लागले. “वाटी उजवीकडं.” “म्हाइत हाय.” माहीत नसायचं.

पंधरा गिअरबॉक्स जुळले. तीन जुळले नाहीत. चालायचे, पण आतला एक खटका झिजलेला, घोडा सोडल्यावर कधी थांबायचं आणि कधी नाही त्याचा नेम नव्हता. काकांनी ते तिन्ही बंदुकीत बसवून बघितले, गोणीत झाडून बघितले, मान हलवली, आणि त्या तीन बंदुका टेबलाच्या टोकाला ठेवून वर टॉवेल टाकला.

“साहेबाला बोल, सदतीस हायत.”

मी साहेबांना फोनवर आदल्या दिवशीच सांगून बसले होते, चाळीस तयार आहेत. ते सांगताना मला छातीत किती गार वाटलं होतं. आता सदतीस कशा सांगू?

ग्रुप आला त्या सकाळी काकांना यायला उशीर झाला, एसटी चुकली. साहेब फाटकात उभे राहून आकडे विचारत होते. चाळीस माणसं चष्मे लावून तयार. मी आत गेले. टॉवेल बाजूला केला, तीन बंदुका उचलल्या आणि बाहेरच्या रॅकला लावल्या. गोणीत तर नीट चालल्या होत्या, असं मनाशी म्हटलं. रजिस्टरात काकांच्या रकान्यात सही हवी होती, ती मी त्यांच्यासारखी वाकडी केली. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आता लिहिते आहे.

थोड्या वेळाने काका आले. मी पाण्याच्या बाटल्या मोजून परतले तेव्हा ते टेबलापाशी टॉवेल हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, तोंड पुसताहेत. मग बाहेर पडले आणि मैदानाच्या जाळीला धरून उभे राहिले. खेळ सुरू झालेला. मी म्हटलं, बरं झालं, म्हाताऱ्याला वारा लागेल. मैदानावरच्या गड्याने मध्येच दोन बंदुका परत आणून दिल्या. “काकांनी काढून घेतल्या,” म्हणाला. मला वाटलं, ह्यांचे चोचले चाललेत. त्यांच्या बदली द्यायला दुसऱ्या बंदुका नव्हत्याच, दोन माणसं ओरडत बाहेर बसली.

तिसरी सापडली नाही. अर्ध्या तासाने ती एका मुलीच्या हातात अडकली. तिने घोडा सोडला तरी बंदूक थांबेना. तिने घाबरून ती फिरवली आणि समोर तिचाच मॅनेजर होता. मानेवर, पाठीवर, कानावर छर्रे. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. माणूस जाग्यावर गोल फिरला. एरवी मी हसले असते.

साहेबांनी खेळ थांबवला. माझ्या टेबलापाशी आले, रजिस्टर उघडलं, बंदुकीचा नंबर शोधला. “हिच्यासमोर सही आहे. कोणी पास केली ही?”

माझं तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण आवाज निघाला तो काकांचा. ते दारात उभे होते.

“मी केली,” ते म्हणाले. “मला दिसत नाय साहेब. दोन वर्सा झाली. सगळा माल मीच मिसळला.”

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. वाईट माणूस नव्हे तो. त्यांनी काकांसमोर बोटं धरली, किती आहेत विचारलं. काकांनी टॉवेल खांद्यावर टाकला. साहेब हळू आवाजात म्हणाले, “काका, आता आराम करा.”

मी तिथेच होते. दोन हातांवर.  ज्या बाईच्या जिभेला हाड नाही म्हणून सासरी ख्याती, ती गप्प उभी राहिली. काकांनी चप्पल घातली, करंडा पिशवीत टाकला आणि एसटीला गेले. साहेबांनी मला नंतर विचारलं की तुम्हाला कल्पना होती का. मी नाही म्हटलं.

नवीन बंदुका आल्या, त्यांचा माणूस आला. तो बिघडलेला भाग काढून फेकतो आणि नवा लावतो. त्याच्या खोलीत सगळं जागच्या जागी असतं, चिठ्ठ्यांसकट. माझ्या मनासारखी खोली. मला तिथे दोन मिनिटं बसवेना. पौषापर्यंत दिवस काढले आणि काम सोडलं.

जत्रा झाल्यावर मी त्यांच्या गावी गेले. काकी अंगणात वाल सोलत होत्या. काका ओटीवर. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “सुकट खातीस का?” दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा मी माफी मागितली नाही, म्हटलं, डोळ्याच्या दवाखान्यात चला. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, मी नोकरी सोडली, मला आता भांडायला कोणी नाही.  मग म्हणाले, “तू बाजूला बसशील तर येतो.”

बसले मी. ऑपरेशनला आत घेतलं तेव्हा टॉवेल माझ्याकडे दिला. रात्र काकींनी आणि मी बाकावर काढली. सकाळी डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची पट्टी सोडली. काकांनी आधी खिडकीकडे बघितलं, मग काकीकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ.

“येवढीशी हायस होय,” म्हणाले. “आवाजावरून मला वाटला, चांगली थोराड बाय आसल.”

काकी हसल्या आणि चहा आणायला गेल्या. मला वाटलं, आता नाही बोलले तर जन्मात बोलणार नाही.

“काका, त्या तीन बंदुका मी काढल्या होत्या. टॉवेलाखालून. सहीपण मीच केली.”

“म्हाइत हाय.”

“कोणी सांगितलं?”

“कोन सांगल? आलो तर बंदुका नाय. टॉवेलाला हात लावला तर घडी. चार पदरी, काठाला काठ लावून.” ते उशीला टेकले. “मंग जाळीला उभा ऱ्हायलो. आवाजावरून दोन वळखल्या. तिसरी नाय घावली.”

“मग साहेबांना का नाही सांगितलंत?”

“मला दिसत नाय ते काय खोटा व्हता? एकाचा काम जायचा तर दोघांचा कशाला? आन् सगळ्या कॅम्पात टॉवेलाची घडी घालनारी कोन हाय, ते मी साहेबाला सांगू?”

 मी खाली बघितलं. त्यांचा टॉवेल माझ्या मांडीवर होता. बसल्या बसल्या कधी घातली कोण जाणे, त्याची चार पदरी घडी घालून झाली होती. काका तिकडेच बघत होते.